हप्ता आमचा, भुर्दंड भाडेकरूंना कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात गृहकर्जदारांचा कैवार घेणारा लेख वाचला. लेखकमहाशयांचा कळवळा पोहोचला, कारण ज्यांच्यासाठी त्यांनी अश्रू ढाळले त्यांतलाच मी एक आहे. पण ‘वाढीव व्याजाचा काही भार सरकारने उचलायला काय हरकत आहे’ या वाक्यापाशी आलो आणि माझी सटकली. हरकत आहे, साहेब. दर अकरा महिन्यांनी करार संपला की बोचकी बांधून नवी खोली शोधणारा माणूसही कर भरतो. साबणावर भरतो, मोबाइलच्या रिचार्जवर भरतो. त्याने माझ्या फ्लॅटचा हप्ता भरायचा आणि उद्या मी तो फ्लॅट विकला की नफा मात्र मी एकट्याने खिशात घालायचा, हा कुठला न्याय?

‘शेतकऱ्याला कर्जमाफी मिळते, मग मध्यमवर्गानेच काय पाप केलंय’ हा सवाल तर आता वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. आपल्या राज्यात 2017 च्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाख होती, 2019 च्या वेळी दोन लाख. दोन लाखांत शहरातल्या साध्या फ्लॅटचे आठ-नऊ हप्ते सुटतील, पुढे काय? शिवाय कांद्याचा भाव कोसळला की शेतकऱ्याच्या हाती गाडीभाडंही उरत नाही. माझा फ्लॅट कर्जात असला तरी जागच्या जागी उभा आहे. असो. या मुद्द्यावर चावडी रंगवण्यात मला रस नाही.

सरकारने आजवर हात दिलाच नाही, असंही नाही. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट आपण घेतच आलो. नव्या प्रणालीत ती गेली, तेव्हा याच लेखकमहाशयांनी लेखणी उचलल्याचं स्मरत नाही. आणि करोनात काय झालं? 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत आली, मग त्या थांबलेल्या हप्त्यांवर लागलेल्या चक्रवाढ व्याजावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारने आपल्या खजिन्यातून भरला. ज्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, त्यांनाही तो मिळाला. वीस लाखांच्या कर्जावर आठ टक्क्यांनी हिशेब करून पाहा: सहा महिन्यांचे साधारण साडेतेराशे रुपये. देशभरात हजारो कोटींचा खर्च, आणि कर्जदाराच्या खात्यात साडेतेराशे. तेवढ्याने कुणाचं घर वाचलं असेल, तर त्याचा पत्ता मला हवा आहे.

आता माझं गाऱ्हाणं. माझं कर्ज एका गृहवित्त कंपनीचं आहे, म्हणजे बँक नव्हे, मुख्यतः घरांसाठी कर्ज देणारी कंपनी; नाव लिहीत नाही. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. दर वाढला की मोबाइलवर मेसेज यायचा, हप्ता मात्र होता तेवढाच राहायचा. घरात सगळे खूश. पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी कागद गोळा करताना कर्जाचं स्टेटमेंट काढलं आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पाहिली. मी निवृत्त होणार अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि कर्ज फिटणार मी एकाहत्तर वर्षांचा झाल्यावर! आधीच्या कागदांवर ते निवृत्तीच्या आत संपत होतं.

शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने बोलला, त्याचा दोष नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, “सर, ईएमआय वाढला असता तर तुम्हालाच जड गेलं असतं, म्हणून सिस्टीम टेन्युअर वाढवते.” माझी संमती कुठे आहे, विचारलं. त्याने कर्जकराराची झेरॉक्स पुढे सरकवली. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक कलम, आणि खाली माझी सही. त्या कराराच्या प्रत्येक पानावर सही केल्याशिवाय चेक हाती देत नाहीत, हे कर्ज घेतलेल्या कुणालाही सांगायला नको.

बरं, दर वाढताना तत्पर असलेली ही सिस्टीम दर उतरताना कुठे जाते? 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो एक टक्क्याने खाली आला. नव्या गिऱ्हाइकांसाठी त्याच कंपनीचे फलक झळकले. माझा दर कधी उतरणार, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “तुमचं जुन्या पीएलआरवर आहे सर. कन्व्हर्जन फी भरा, लगेच कमी करून देतो.” पीएलआर म्हणजे कंपनीने स्वतःच ठरवलेला मूळ दर. फी उरलेल्या मुद्दलावर टक्क्याने, वर जीएसटी. म्हणजे जुना, नियमित हप्ते भरणारा गिऱ्हाईक जास्त दराने, आणि काल दारात आलेला कमी दराने. दर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडायची सक्ती ऑक्टोबर 2019 पासून बँकांना झाली, गृहवित्त कंपन्या त्यातून सुटल्या. कालच्या एवढ्या लांबलचक लेखात याबद्दल एक ओळ नाही.

आता जरा हिशेब. तीस लाखांचं कर्ज, मुदत वीस वर्षं, दर पावणेसात टक्के. हप्ता बसतो 22,800 रुपयांच्या आसपास. दर सव्वानऊ झाला की त्याच तीस लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याज होतं 23,125. हप्ता नुसत्या व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटायचं नावच नको. हप्ता न वाढवता नुसती मुदत ताणायची म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आलं. म्हणून तर रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि हप्ता निदान व्याजाला तरी पुरला पाहिजे. नियम उत्तम आहे. तो माझ्या शाखेपर्यंत अजून प्रवासात असावा.

अशा व्यवहारात करदात्यांचा पैसा ओतलात तर तो कुणाच्या घशात जाईल? माझ्या हातून फक्त सरकेल, जमा होईल कंपनीच्या खात्यात. उलट सरकार मदत करतंय म्हटल्यावर जुन्या गिऱ्हाइकाचा दर उतरवायची घाई कंपनी कशाला करेल? मला अनुदान नको. विचारल्याशिवाय मुदत वाढवू नका, आणि दर वाढवताना जेवढी घाई करता तेवढीच उतरवताना करा. याला खजिन्यातून एक रुपया लागत नाही.

ज्यांची घरंच अर्धवट पडली आहेत, भाडंही भरतात आणि हप्ताही, त्यांची गोष्ट निराळी. पण तिथेही 2019 मध्ये केंद्राने रखडलेल्या प्रकल्पांसाठी ‘स्वामी’ नावाचा निधी काढला, तो इमारत पुरी करण्यासाठी गुंतवला जातो आणि परत यावा अशी अपेक्षा असते. कुणाचा हप्ता भरत बसण्यापेक्षा ते बरं.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात गृहकर्जदारांसाठी आपण गळा काढलात, त्याच अंकाचं पहिलं पान उघडायला मला बिल्डरच्या जाहिरातींची चार पानं उलटावी लागली. ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’ असं त्यांतल्या एकीवर ठसठशीत छापलं होतं. अशा योजनेत ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरतो, आणि त्याने ते मधेच थांबवलं की वसुलीची नोटीस गिऱ्हाइकाच्याच दारात येते, हे खाली बारीक टाइपातही नव्हतं. असल्याच योजनांवर कर्ज देऊ नका, असं राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना 2019 मध्ये बजावलं होतं. आपल्या जाहिरात विभागात ते कुणाच्या वाचनात आलं नसेल कदाचित.

मागच्या खेपेस माझं पत्र जागेअभावी निम्मं छापलं होतं. यंदाही कात्री लावायचीच असेल तर शेतकऱ्यांचा परिच्छेद काढा, तीस लाखांचा हिशेब राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
(आणि वयाच्या एकाहत्तरीपर्यंत कर्जदार)