सुरी मध्यभागी घालून बघ

मिरज,
शुक्रवार, सकाळी

चि. राजू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री "बाबा, एकदा सांगितले तरी मला कळते" असे म्हणून तू फोन ठेवलास, त्यात तुझी चूक नव्हती. एकच गोष्ट मी तुला चार वेळा सांगितली होती. तीन दिवस दवाखान्यात काढून चिऊ घरी आली, सोमवारपासून सूनबाई कामावर रुजू होणार आणि पंधरा दिवसांची रजा काढून तू लेकीपाशी राहणार, हे ऐकून माझा ऊर भरून आला होता; ते सांगायचे राहिले आणि मी उपदेश करत बसलो. म्हणून आता शांतपणे लिहितो. तू अंड्याच्या कस्टर्डबद्दल विचारलेस, तेवढ्याबद्दलच लिहीन.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नकोस. जुलाबांनंतर काही मुलांना थोडे दिवस दूध पचत नाही, आणि हे कस्टर्ड म्हणजे मुख्यतः दूधच. त्यांनी झिंकचे औषध चौदा दिवसांचे दिले असेल, तर जुलाब थांबले म्हणून ते मध्येच सोडू नकोस. अंड्याची मला काळजी नाही, कारण दिवाळीत ती इथे आली होती तेव्हा उकडलेले अंडे तिने पांढऱ्या भागासकट माझ्या हातून खाल्ले होते आणि अंगावर एक पुरळही उठले नव्हते.

सूनबाई तिला पाकिटातल्या पावडरीचे कस्टर्ड देते असे तू म्हणालास आणि मी लगेच "त्यात काय असते" असे बोलून गेलो. ते तिच्या कानावर गेले असेल तर माझ्या वतीने तिची क्षमा माग. ती पावडर वाईट नाही, पण तिच्यात मक्याचे पीठ, रंग आणि वास असतो, अंडे नसते. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८३७ साली ती शोधून काढली तीच मुळी पत्नीला अंडे सोसत नव्हते म्हणून. ज्या मुलाला अंडे चालत नाही त्याच्यासाठी ती सोय मोठीच आहे. परंतु आजारातून उठलेल्या आणि दोनच घास खाणाऱ्या आपल्या चिऊच्या त्या दोन घासांत अंडे असावे, एवढेच माझे म्हणणे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि वाटीभर दुधात ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

आता कृती. तुझी आई नर्सिंगला असताना त्यांना आजाऱ्यांचा स्वयंपाक शिकवत, त्यात हे होते, आणि तिची रात्रपाळी असली की ते करण्याचे काम माझ्याकडे असे. एका अंड्याला दीडशे मिलिलिटर दूध, हे प्रमाण कधीही चुकत नाही. अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे आणि कवच टाकून दिल्यावर हात साबणाने धुवावेत. ते काट्याने हलकेच मोडावे, फेस येईपर्यंत फेटू नये, कारण फेस आला की कस्टर्डला जाळी पडते. दूध बोट बुडवले तर सोसेल इतपतच गरम असावे आणि बारीक धारेने अंड्यात ओतत एका हाताने ढवळत राहावे. उकळते दूध ओतलेस तर अंड्याचे तंतू होतील. मग चहाच्या गाळणीतून गाळायचे. गाळणीत अंड्यातली ती पांढरी दोरी राहते, आणि तोंडात असे काही आले की मूल पुढचा घास घेत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून साखर देऊ नये असे आता सांगतात, तेव्हा चमचाभर खारकेची पूड कोमट दुधात भिजवून तेच दूध वापर. अंड्याचा वशट वास जाण्यासाठी जायफळ सहाणेवर एकदाच फिरवायचे, दुसऱ्यांदा नाही.

तूप लावलेल्या वाटीत हे ओतून वर झाकणी ठेवायची, म्हणजे वाफेचे पाणी आत ठिबकणार नाही. कुकरमध्ये तळाशी रिंग, बोटभर पाणी, झाकणाची शिट्टी काढलेली आणि पाण्याला उकळी फुटली की गॅस अगदी मंद. पंधरा ते वीस मिनिटे लागतात. आच मोठी झाली तर कस्टर्ड फाटते आणि पाणी सुटते, म्हणून घाई करायची नाही; आणि घाईने लवकर उतरवायचे तर मुळीच नाही. पुरते शिजू दे. हे मी पुन्हा लिहिले, नाही का? पण राजू, ते पुरते शिजू दे.

तू विचारशील की शिजले हे कसे ओळखायचे. खरवस आठव. तुझ्या आजीकडे गाय व्यायली की चिकाचा डबा वाफवायला ठेवत आणि तू चुलीपाशी बसून "झाला का" म्हणत राहायचास. डबा हलवला की मध्यभाग किंचित थरथरे, पण लाट उठत नसे. कस्टर्डही तसेच दिसले पाहिजे. शिवाय सुरी मध्यभागी घालून बघ. कडेला नव्हे, कारण कड आधी धरते आणि फसवते. सुरी स्वच्छ बाहेर आली तर झाले. तिला दुधाळ ओल लागली तर आणखी पाच मिनिटे ठेव. अंड्यातले साल्मोनेलाचे जंतू ७१ अंशांना मरतात, आणि दूध घातलेले अंडे घट्ट होते ८० अंशांच्या आसपास. म्हणजे मध्यभाग घट्ट झाला की जंतूंची सीमा केव्हाच ओलांडलेली असते. घरात तापमापक नसला तरी चालतो, सुरी पुरे. तू इंजिनीअर आहेस, तुला हे एकदा सांगितले की पुरे, हे मला कळते.

तरीही मी चार वेळा का सांगितले ते आता लिहितो, कारण फोनवर ते तोंडातून निघत नव्हते. १९९२ साली, श्रावणातली गोष्ट. तू दोन वर्षांचा होतास. आई रात्रपाळीला गेली होती, ताई आजीकडे होती. गॅस संपलेला, नंबर लावून आठ दिवस झालेले, म्हणून मी वातीच्या स्टोव्हवर कस्टर्ड ठेवले आणि दहाव्या मिनिटाला रॉकेल संपले. बाहेर पाऊस होता. तू भुकेने रडत होतास. झाकणी काढली तर कडेने छान धरले होते आणि मधे ते सैल होते, पातळ दह्यासारखे. मला वाटले, मऊ आहे तर बरेच, पटकन गिळेल. मी तुला मधलेच चमचे भरवले. तू सहा चमचे खाल्लेस आणि माझ्या मांडीवर झोपलास, आणि मला किती समाधान वाटले होते ते अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला ताप भरला, मग उलट्या, मग जुलाब. सलाईनसाठी तुझ्या हाताची शीर सापडेना, तेव्हा तुझ्या आईने, जिने वॉर्डात शेकडो मुलांना सुया टोचल्या असतील, तोंड भिंतीकडे फिरवले. डॉक्टरांनी विचारले, "काल काय खाल्ले?" मी म्हणालो, "नेहमीचेच." एवढेच म्हणालो. ते कस्टर्डमुळे झाले की त्या पावसात विहिरीच्या गढूळ झालेल्या पाण्यामुळे, हे कोणीच सांगू शकले नसते, कारण वाड्यात आणखी दोन मुले आजारी होती. पण तुझ्या आईला मी ते आजवर सांगितले नव्हते. आज सकाळी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याला लिहा, पण त्याला घाबरवू नका."

तेव्हा घाबरू नकोस. त्यानंतर मी शेकडो वेळा ते केले, तू चौथीत जाईपर्यंत तुला त्याची वाटी लागे, आणि कधी काही झाले नाही. चिऊला आधी दोनच चमचे दे, जबरदस्तीने भरवू नकोस. तोंड फिरवले तर वाटी बाजूला ठेव, तासाभराने पुन्हा दे. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे आणि दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाही, तू खाऊन टाक. तुला आवडायचे.

शेजारचे काका रविवारी पुण्याला येत आहेत, त्यांच्या हाती तुझी उष्टावणाची वाटी पाठवतो. तिच्यावर आजीने तुझे नाव घालून घेतले आहे, त्यातले 'जू' आता पुसट झाले आहे. एका अंड्याचे कस्टर्ड तिच्यात बरोबर मावते. सूनबाईस आशीर्वाद, चिऊस गोड पापा.

तुझे
बाबा

ता. क. तुमचा कुकर आपल्यापेक्षा लहान आहे, तेव्हा मी लिहिलेल्या मिनिटांवर जाऊ नकोस, सुरीवर जा. आणि सोमवारी जमले तर फोन कर. बाकी काही बोलला नाहीस तरी चालेल, सुरी कोरडी आली एवढे सांग.