दादा, एकदा दुर्बिणीनं तपासून घे

न्यूकॅसल, इंग्लंड
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा परवा पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू जसेच्या तसे आले. पोरांनी लाडू दोन दिवसांत संपवले. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली का? यंदा पावसानं कुणाकुणाला किती छळलं, ते फोनवर सांग.

दादा, हे पत्र मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. पाडव्याला फोन केला तेव्हा तू दुकानात होतास. वहिनींच्या तोंडून सहज निघून गेलं की तुला परत रक्त पडतंय आणि कुणीतरी सांगितलेला काढा तू घेतोयस. वहिनींवर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ‘मूळव्याध आहे, दुसरं काय असणार’, असं तू त्यांना म्हणालास म्हणे.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. आपण दोघांनीही ऐकलंय. २००९ साली आप्पा मागच्या पडवीत बसून हेच म्हणाले होते. आई रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, त्यांचं धोतर गार पाण्यात भिजवायची. झेंडूचा पाला वाटून त्याचा रस झाला, दर आठवड्याला सुरणाची भाजी झाली, ताक झालं, आणि असे अकरा महिने गेले. त्यांची अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा त्यांनी तिला पांढरा दोरा गुंडाळला. तो दोरा मला अजून दिसतो. मिरजेला नेलं तोवर गाठ गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, होती आणि तिथून यकृतात पोचली होती. त्या अकरा महिन्यांत एकाही डॉक्टरनं साधं बोट घालून तपासलं नव्हतं, आणि आप्पांनीही कुणाला तपासू दिलं नसतं.

आई-वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर आपला धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. म्हणजे तुझाही आणि माझाही.

आता माझं सांगते. घाबरू नका, सगळं व्यवस्थित आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशी झाली की दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेकडून पोस्टानं एक छोटी हिरव्या झाकणाची डबी येते. झाकणाला काडी असते. ती शौचाला लावायची, डबीत परत बंद करायची आणि पोस्टात टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं. इथल्या आपल्या मंडळातल्या कितीतरी बायका ती डबी कचऱ्यात टाकतात, ‘शी, हे काय’ म्हणून. डबी परत न पाठवणाऱ्यांत आपल्याकडचे लोक पुढे आहेत, ही इथली जुनी तक्रार आहे. मी पाठवली. रक्ताचा अंश सापडला आणि सप्टेंबरात मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीची, कोलोनोस्कोपी म्हणतात तिची, तारीख मिळाली.

दोन दिवस बिनकोंड्याचं खाणं, आदल्या दिवशी पोट धुऊन काढणारं औषध लिटर-लिटर पाण्यातून. खरा त्रास तेवढाच. प्रत्यक्ष तपासणीला मी भूल घेतली नाही, तोंडाला नळी लावून गॅस ओढत पडून राहिले आणि पडद्याकडे बघत होते. आतडं आतून किती स्वच्छ गुलाबी, ओलसर, चमकतं असतं! आणि मग एका वळणावर, पावसाळ्यात लाकडाच्या ओंडक्यावर उगवावी तशी, देठावर उभी असलेली एक भूछत्री. बारा मिलिमीटरची. डॉक्टरांनी तारेचा फास तिच्या देठाभोवती टाकला, आवळला, करंट दिला आणि ती सुटून आली. दुखलं नाही.

तुला ठाऊकच आहे, मी अशाच तुकड्यांचं काम करते. प्रयोगशाळेत रोज सकाळी फॉर्मॅलिनच्या छोट्या बरण्या येतात. तुकडा मेणात बसवायचा, केसाहून कितीतरी पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा आणि गुलाबी-जांभळा रंग द्यायचा. निरोगी आतड्याचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली शेवंतीच्या फुलांसारखा दिसतो, गोल, सारख्या अंतरावर, शिस्तीत. पॉलिपमध्ये, म्हणजे अशा भूछत्रीत, ती शिस्त मोडते. पेशींची केंद्रकं लांबुळकी होतात, गर्द जांभळी, एकीवर एक रेटारेटी करणारी. माझा तुकडा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं कापला. नंतर ती काच मी बघितली. अकरा वर्षांत हजारो बघितल्या असतील, पण त्या काचेवरून नजर हटेना.

कॅन्सर नव्हता. पुढे झालाही नसता कदाचित, कारण बहुतेक पॉलिप तिथंच थांबतात. पण ज्यांचा होतो, त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. दादा, मी हिशोब केला. आप्पांचा तो कोंब १९९९ च्या आसपास आला असेल, तुझ्या लग्नाच्या वर्षी. मांडवात ते नाचत होते तेव्हा तो फासानं काढून टाकता आला असता.

तू म्हणशील, मला काय होतंय, मी तर काटकुळा. हेच तुझ्या डोक्यातून काढायचंय. तुझे हातपाय बारीक आहेत, खरंय. पण मागच्या मेमध्ये आले तेव्हा शर्टाची खालची बटणं ताणलेली दिसली मला. आणि साखर ‘बॉर्डरवर’ आहे हे तूच सांगितलंस. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत आपला स्वतःचा फोटो छापला. दोघेही सडपातळ दिसतात. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, बीएमआय म्हणतात तो, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून जाड. आपल्या लोकांची चरबी पोटात, आतड्या-यकृताभोवती साठते. म्हणून आपल्या पुरुषांनी वजनकाट्यापेक्षा कंबर बघावी. ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं, बायकांनी ८० च्या वर. वहिनी, शिवणाच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर मोजा आणि मला आकडा कळवा. दोघांचाही.

पोटातल्या चरबीचा आतड्याच्या कॅन्सरशी काय संबंध, हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तू जन्मभर संजीवकं, म्हणजे पिकाच्या वाढीची औषधं, विकलीस. द्राक्षाच्या घडाला जीए हे संजीवक दिलं की मणी फुगतो, बरोबर? इन्सुलिन हे नुसतं साखर उतरवायचं औषध नाही, ते शरीराचं वाढीचं संजीवकही आहे. पोटात चरबी साठली, दिवसभर बसून राहिलं, की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. मधुमेह ठरायच्या आधी कित्येक वर्षं हे चालू असतं. आतड्याचं अस्तर तर असं आहे की चार-पाच दिवसांत नवं होतं, तिथं पेशी सारख्या फुटतच असतात. त्यातल्या एखादीत बिघाड झालेला असेल तर तिलाही तेच टॉनिक मिळतं. पिकाला घातलेलं खत तणालाही लागतं, तसं. त्यात पोटातली चरबी अंगात बारीक दाह चालू ठेवते, तो वेगळाच.

हा नुसता तर्क नाही. युरोपातल्या दहा देशांत पाच लाखांवर माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या रक्ताच्या नमुन्यांवरून २०१६ मध्ये असं दिसलं की वजन योग्य पण इन्सुलिन चढलेलं, अशा माणसांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका, वजन योग्य आणि इन्सुलिनही योग्य असलेल्यांपेक्षा जवळपास दीडपट होता. ती माणसं युरोपातली, हे खरं. पण मला त्यात तूच दिसलास, बारीक हातपायांचा आणि बॉर्डरवरच्या साखरेचा.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या घरचं खाणं मुळात चांगलं आहे. सकाळचं मटकीची उसळ, भाकरी आणि मेथी-शेपू, याला तोड नाही. त्यातला चोथा, फायबर म्हणतात तो, लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जीवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. इथं रोज तीस ग्रॅम चोथा खा म्हणून सांगून सांगून थकतात, आणि लोक वीसच्याही आत अडकलेत. गव्हाची चपाती वाईट, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फक्त कोंडा चाळून टाकू नका. नडतं ते दुकानातलं: चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किट, चारला भजी, परत चहा. बसल्या जागी. रविवारचं मटण खा, आठवड्याला शिजलेलं अर्धा किलो ही वरची मर्यादा धरतात, तेवढं तू खात नाहीस. इथल्या पोरांचं बेकन-सॉसेज मात्र मी बंद केलं. तसलं खारवलेलं, टिकवलेलं मांस कॅन्सर करतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०१५ मध्येच ठरवलंय. रोजच्या पन्नास ग्रॅमनं आतड्याच्या कॅन्सरचा धोका अठरा टक्क्यांनी वाढतो. तू विडी सोडलीस त्याला नऊ वर्षं झाली, ते आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. आता लग्नकार्यातली दारूही नको, तिचाही यात हात आहे.

चालण्याबद्दल मात्र मी हट्ट धरणार. याच वर्षी जूनमध्ये एक निकाल आला आणि आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर त्याचीच चर्चा होती. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं कुणीतरी मागे लागून व्यायाम करायला लावला. व्यायाम म्हणजे काय, तर आधी करत होते त्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपझप चालणं, इतपत. त्या गटात मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी कमी झाला. एखाद्या महागड्या औषधानं असं केलं असतं तर त्याचा किती गाजावाजा झाला असता. दुकान ते बाग तीन किलोमीटर आहे. मोटरसायकल दुकानाशी ठेव आणि संध्याकाळी चालत जा. जेवण झाल्यावर अंगणात दहा मिनिटं जरी फिरलास तरी रक्तातली साखर कमी चढते, आणि ते इन्सुलिनचं संजीवकही कमी लागतं.

पण एवढं सगळं केलं म्हणून दुर्बीण टाळता येणार नाही, आणि म्हणून तुला एका बाईंची गोष्ट सांगते. डेबोरा जेम्स. इथल्या पत्रकार, आधी शिक्षिका होत्या. धावायच्या, कित्येक वर्षं शाकाहारी. २०१६ मध्ये, ३५ व्या वर्षी त्यांना हाच कॅन्सर निघाला. त्यांनी रेडिओवर, वर्तमानपत्रात, जिथं मिळेल तिथं संडासाबद्दल उघडपणे बोलायला या देशाला शिकवलं. २०२२ च्या जूनमध्ये, चाळिसाव्या वर्षी गेल्या. चांगल्या सवयींनी धोका खाली येतो, शून्य होत नाही. आणि आपल्या घरात आप्पांचा वारसा आहे.

तेव्हा दादा, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध असेलही. बहुतेक असेलच. पण ते डॉक्टर ठरवणार, काढा देणारा नाही, तू नाही आणि मीही नाही. मूळव्याध असतानाही वर दुसरं काही असू शकतं. पहिल्या टप्प्यावर सापडला तर इंग्लंडमध्ये दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, आणि दूरवर पसरल्यावर सापडला तर दहातला एखादाच. वहिनी, तुम्ही एवढं बघा: शौचाची वेळ किंवा तऱ्हा बदललीय का, झाल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही का, वजन उतरलंय का, जिना चढताना दम लागतो का. रक्तातलं हिमोग्लोबिन आत्ताच करून घ्या.

मिरजेत पोटाच्या डॉक्टरांची कमी नाही. जाऊन पहिलं वाक्य हे सांग: ‘माझ्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता.’ लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून दे. डॉक्टरांनी नुसती गोळी देऊन परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

मी १९ डिसेंबरला मुंबईत उतरतेय, दोन आठवड्यांची रजा मंजूर झालीय. डॉक्टरांना दाखवायला माझी वाट बघू नकोस, याच आठवड्यात जा. दुर्बिणीची तारीख त्याआधीची मिळाली तर तीच घे. नाहीच मिळाली तर २२ ची घे, मी सोबत येईन. औषधाचा तो आदला दिवस कसा काढायचा मला माहीत आहे. लिंबू सरबत करून ठेवेन, घोटाघोटाला देईन, आणि तू आत असताना बाहेरच्या बाकावर मी आणि वहिनी बसू.

आईला नमस्कार. तिला यातलं आत्ता काही सांगू नका. वहिनी, कंबरेचे आकडे विसरू नका, रविवारी फोन करते.

तुझी,
बेबी