इशारा का आला नाही?

मा. संपादक,
ऑनलाइन सेवा कोलमडली की ‘यंत्रणेने इशारा दिलाच नाही’ असा खुलासा ठरलेला. प्रोमिथियस (सर्व्हरचे आकडे गोळा करून, ठरवलेली अट पुरी झाली की इशारा देणारी प्रणाली) वापरणाऱ्यांनी आधी अलर्ट्सच्या पानावर नियमाची अवस्था पाहावी. ‘पेंडिंग’मध्येच (अट पुरी, पण मुदत बाकी) अडकला असेल तर ‘फॉर’ची, म्हणजे अट सलग किती वेळ टिकायला हवी ती मुदत तपासा: ती ५ मिनिटांची असेल आणि मध्ये एकदा जरी अट मोडली, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. ‘इनॅक्टिव्ह’ (अट पुरी नाही) असेल तर तीच अट क्वेरी (आकड्यांना विचारलेला प्रश्न) म्हणून चालवा. उत्तर रिकामे आले म्हणजे सगळे आलबेल असे नव्हे. सर्व्हरकडून आकडे येणेच थांबले तरी उत्तर रिकामेच येते आणि नियम गप्प बसतो. सर्वांत घातक चूक हीच. म्हणून ‘अप’ (सर्व्हरकडून आकडे मिळतात का, ते सांगणारी नोंद) शून्य झाल्याचा आणि ‘अ‍ॅबसेंट’चा (आकडेच गायब असल्याचा), असे दोन वेगळे नियम हवेतच. ‘रेट’ला (वाढीचा वेग काढणाऱ्या फंक्शनला) किमान दोन नोंदी लागतात, मिनिटाला एक नोंद घेऊन एकाच मिनिटाचा कालावधी दिला तर हाती काही लागत नाही, ४ मिनिटे द्या.

‘फायरिंग’ (इशारा सुरू) दिसूनही मेसेज नाही? मग अलर्टमॅनेजरमध्ये (इशाऱ्यांचे मेसेज पाठवणाऱ्या भागात) कुणी सायलेन्स (सूचना काही काळ बंद) लावून विसरले आहे का, इशाऱ्याचे लेबल राउटशी (कोणता इशारा कुणाला जायचा, त्या नियमाशी) जुळते का, ते पाहा. एकदा आलेली सूचना पुन्हा यायला तिथे मुळात, म्हणजे सेटिंग बदलले नसेल तर, ४ तास लागतात.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पुणे