ह्यूस्टनच्या गरमीतली बिअर

टेम्पी, अ‍ॅरिझोना
जून

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. घरी केलेल्या पहिल्याच बिअरला पिकल्या केळ्यांचा वास आला आणि घशात स्पिरिटसारखं जळजळलं, असं लिहिलंयस. तुझ्या हातात खोट नाही, मालातही नाही, यीस्ट तापलं. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, आणि जळजळ जड अल्कोहोलची. यीस्ट गरमीत घाईनं वाढलं की हे दोन्ही जास्त तयार होतात.

एसी 24वर होता म्हणतोस. अरे, ते हवेचं तापमान. साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता सुटते, आणि बॅचनं जोर धरला की आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज वर जातं. म्हणजे तुझं यीस्ट 27-28ला राबत होतं. तू करतोस त्या एल प्रकारच्या साध्या बिअरला 18 ते 20 पाहिजे. तेव्हा आधी बिअर आंबते त्या बादलीच्या अंगाला चिकटणारी थर्मामीटरची पट्टी आण. चारपाच डॉलरला मिळते. इथून पुढे तोच आकडा खरा धर.

एका बेडरूमच्या घरात दुसरा फ्रीज कशाला कोंबतोस? पाण्यावर भागतं. तुझी 19 लिटरची बादली मावेल असा प्लास्टिकचा मोठा टब घे (बाथटब अडवू नकोस, वहिनींनी आधीच पुष्कळ सोसलंय) आणि त्यात वीसेक लिटर पाणी भर. बिअर आणि पाणी मिळून 40 लिटर झालं. एवढं पाणी लवकर तापतही नाही, निवतही नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. आता बर्फाचा हिशेब बघ. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढतो, आणि 40 लिटर पाणी एक अंशानं उतरवायला सुमारे 168 लागतात. म्हणजे दोन किलो बर्फात चार अंश! सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठव, पण काठोकाठ भरू नकोस, बर्फ फुगतो. निम्म्या बाटल्या टबात, निम्म्या फ्रीजरमध्ये. सकाळ-संध्याकाळ पट्टी बघून बदलायच्या. टबातल्या पाण्यात चमचाभर ब्लीच टाक, नाहीतर बुरशी धरते.

मी इथे बादलीला ओला टी-शर्ट नेसवतो, खालची कड पाण्यात सोडतो आणि समोर टेबलफॅन लावतो. आपल्या नागपूरच्या कूलरचंच तत्त्व. इथली हवा मे-जूनमध्ये इतकी कोरडी असते की बर्फ क्वचितच लागतो. पण ह्यूस्टन म्हणजे मुंबईची हवा बे, तिथे कूलर काय करणार? फॅनच्या नादी लागू नकोस. त्याऐवजी टबाला चहूबाजूंनी जुनी रजई गुंडाळ आणि वरून थर्माकोलचं झाकण ठेव. यीस्ट अख्ख्या बॅचमध्ये जेवढी उष्णता सोडतं ती तीनेक किलो बर्फात जिरते. बाकी सगळा बर्फ खोलीची गरमी खाते. रजई तो बर्फ वाचवते, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

खरी राखण पहिल्या तीन दिवसांची. वास, चव, सगळं तेव्हाच ठरतं. वॉर्ट (म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी) 18पर्यंत निवल्यावरच यीस्ट घाल. गरम वॉर्टमध्ये घालून मागाहून थंड करण्यात अर्थ नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बुडबुडे मंदावले की टबातल्या बर्फाच्या बाटल्या काढून घे आणि तापमान हळूहळू 21पर्यंत चढू दे. लोण्यासारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्ट तेव्हा स्वतःच परत खाऊन टाकतं. त्या वेळी थंडी बसली तर यीस्ट खाली बसतं, आणि एअरलॉकमधलं (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं ते वेगळंच.

ऑगस्टमध्ये मात्र झगडू नकोस. बव्हेरियात 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. जर्मन इंजिनिअर लिंडेची थंडाव्याची यंत्रं आली 1870च्या दशकात. आपल्याकडे आज तिसरा मार्ग आहे: नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक यीस्ट. व्हॉस गावाकडचं क्वाइक सुक्या पाकिटात मिळतं, 35-40 अंशांना खूश असतं आणि बिअरला संत्र्याचा वास देतं. नागपूरकराला आणखी काय पाहिजे! तेव्हा बर्फ बंद, रजई तेवढी राहू दे.

आणि दिवाळीत घरी गेलास की तिकडे हा उद्योग मांडू नकोस. अमेरिकेत 1978च्या कायद्यानं घरगुती बिअर मोकळी केली, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती दारूबंदी कायद्यात बसते. काकांना नसता ताप नको.

पुढची बॅच लावलीस की पट्टीचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहून ठेव आणि कोणतं यीस्ट घेतलंस तेही कळव. आकडे आले की पुढचं बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या