प्राणवायूवर असलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक पाणी व बाटल्यांकरिता आवाहन

समस्त ग्रामस्थ तसेच नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी असलेले आपले गावकरी यांस सप्रेम नमस्कार.

२०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दात्यांनी दिलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे (हवेतला प्राणवायू वेगळा करून देणारी) ग्रामपंचायतीच्या रुग्णसाहित्य केंद्रातून आजही गरजूंच्या घरी जातात. जन्मभर पऱ्हाटीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आयाबाया आणि क्षयरोग बरा होऊनही दम न सुटलेले शेतमजूर यांना त्यांचा मोठा आधार आहे. यंत्रे आहेत, अडचण आहे ती त्यांना जोडलेल्या लहानशा बाटलीतल्या पाण्याची.

यंत्रातून निघणारा प्राणवायू कोरडा असतो. मिनिटाला ४ लिटरपर्यंत नाकातल्या नळीने दिल्यास बहुतेक प्रौढांचे नाकच त्याला पुरेसा ओलावा देते. मात्र त्याहून अधिक लागत असेल, किंवा पारा ४५ अंशांना टेकलेल्या वैशाखात नाक सुकून रक्त येऊ लागले आणि कफ घट्ट झाला, तर तो पाण्यातून बुडबुड्यांनी नेऊन ओला करावा लागतो. तसे न झाल्यास त्रासलेला रुग्ण नळीच काढून ठेवतो.

आपले गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे. बोअरचे पाणी भरले की बाटलीतल्या नळीच्या टोकावर पांढरा थर धरतो आणि प्राणवायूची वाट अडते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. शिळ्या पाण्यात वाढलेले जंतू तर आधीच थकलेल्या फुफ्फुसांत उतरण्याची भीती असते. म्हणून निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी वापरावे लागते, आणि तेही उरलेल्यात भर न घालता रोज बाटली धुऊन नव्याने भरावे लागते. मजुरीवर चालणाऱ्या घराला हा रोजचा खर्च झेपत नाही.

तरी दात्यांनी निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या सीलबंद बाटल्या, ह्युमिडिफायरच्या (यंत्राला जोडून प्राणवायू ओला करणाऱ्या) बाटल्या आणि नाकात लावायच्या नव्या नळ्या द्याव्यात, ही विनंती. वापरलेल्या नळ्या स्वीकारल्या जाणार नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणीही कृपया आणू नये. मागे काहींनी चांगल्या भावनेने ते आणले होते, पण ते श्वासासाठी तयार केलेले नसते. रोख देणगीची पावती ग्रामपंचायत कार्यालयात कामकाजाच्या वेळेत मिळेल.

घरोघरी जाऊन बाटली धुण्याची रीत दाखवण्यासाठी आशाताईंच्या सोबतीला काही तरुण-तरुणीही हवे आहेत. इच्छुकांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

आपले,
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत