यंदा किल्ल्यावर एक नवी तोफ ठेवूया

मा. संपादक, स. न.

दिवाळी जवळ आली की आपल्या बेळगावात गल्लोगल्ली माती, दगड, गोणपाट गोळा व्हायला लागतं आणि पोरं किल्ल्याला लागतात, हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नकोच. मी वडगावात राहते, मुलगी सहावीत आहे. किल्ला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना एक मागणी करायची आहे म्हणून लिहितेय, जरा लांबलं तर कापू नका एवढी विनंती.

गेल्या दिवाळीत पोरांनी राजहंसगड केला, बुरूज, तटबंदी, अळीव पेरून हिरवळ, सगळं हातानं केलं आणि तोफा मात्र बाजारातनं प्लास्टिकच्या आणल्या. यंदा मी सहज विचारलं, की महाराजांचे शत्रू तुम्हाला पाठ आहेत, पण आत्ता तुम्हाला भ्या कशाचं वाटतंय, त्यावर चालेल अशी तोफ करायची तर कशी कराल? मला वाटलं पोरं ड्रोन म्हणतील, मिसाईल म्हणतील. माझी मुलगी म्हणाली, "आई, बस बंद पडायचं भ्या वाटतंय."

2025च्या फेब्रुवारीत कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरनं भाषेचा वाद पेटला आणि महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांमधल्या बस थांबल्या, तेव्हा तिची आज्जी कोल्हापुरात अडकली होती. इकडे मोबाईलवर एकामागनं एक व्हिडिओ, कुठला आजचा कुठला चार वर्षांपूर्वीचा कुणाला पत्ता नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांकडं विरजण मागणारी माणसं दोन दिवस जिन्यात मान खाली घालून जात होती. पोरांनी ते सगळं बघितलंय, आपल्याला वाटतं त्यांना काय कळतंय.

तर त्यांनी केलेली तोफ अशी. मागावरच्या सुताच्या पुठ्ठ्याच्या नळीची नळकांडी, बाटलीच्या झाकणांची चाकं, आत बारका टॉर्च, गोळा नाही की आवाज नाही. ज्या मेसेजवर उजेड पडेल तो मेसेज त्या दिवशी पुढं जात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो. बस्स, एवढंच तिचं काम. पुसून टाकत नाही, एक रात्र थांबवून धरते. वरच्या मजल्यावरची मैत्रीण कन्नड घरातली, तिच्या आज्जीनं सांगितलं की नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगावी दारावर "नाळे बा" लिहायचे, म्हणजे उद्या ये, रात्री दार वाजवणारं भूत ते वाचून माघारी जायचं आणि दुसऱ्या रात्री आलं तरी परत तेच वाचायचं. पोरींनी तेच उचललं, तोफेच्या एका अंगाला "उद्या ये" आणि दुसऱ्या अंगाला "नाळे बा". वाती दोन ठेवल्या, लोकरीच्या, दोघींनी एकदम धरल्याशिवाय टॉर्च लावायचा नाही असा नियम. मी म्हटलं अगं ती गावाला गेली तर? "मग ती येईपर्यंत थांबायचं की." मला तर हे आपल्या मोठ्या माणसांच्या कितीतरी बैठकांपेक्षा जास्त विचाराचं वाटलं.

कुणी म्हणेल मराठीचा प्रश्न ही बाई खेळण्यात घालतेय. तसं अजिबात नाही. सुप्रीम कोर्टात 2004पासून सीमाप्रश्नाचा दावा आहे, आमच्या घरातनं 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला माणूस जातोच जातो, आणि मुलीनं मराठीतच शिकावं हा माझा हट्ट आहे. पण हक्क मागणं वेगळं आणि रात्री अकराला आलेल्या व्हिडिओवर शेजाऱ्याचं तोंड न बघणं वेगळं.

खेळण्यातली हत्यारं त्या त्या काळातनंच येतात. अमेरिकेत छऱ्याच्या बंदुका करणाऱ्या डेझी कंपनीनं 1934 साली पोरांसाठी रॉकेट पिस्तूल काढलं, तेव्हा माणूस अंतराळात गेलेला पण नव्हता, मोठ्यांच्या डोक्यात घोळणारं पोरांच्या हातात आलं. आपल्याकडे टिकल्यांची पिस्तुलं आली, आता बाजारात मशीनगन दिसतात. आणि 2025च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गननं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन गॅस होतो आणि ठिणगी पडली की पाईपमधनं भडका उडतो, वाकून बघणाऱ्याचे डोळेच जातात. 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण घरी पाईप जोडून केलेल्या ह्या असल्या गोष्टीला मार्क कोण बघणार. आई-बापांनीच बघायला पाहिजे, आणि ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

म्हणून मंडळांना मागणी अशी, की यंदा किल्ल्याच्या मार्कांत थोडे मार्क पोरांनी स्वतः डोक्यानं काढलेल्या एका हत्याराला ठेवा. पुठ्ठा, माती, लोकर काय पण चालेल, खानापूरच्या मातीची केली तर उत्तमच, फक्त त्यातनं काही उडता कामा नये आणि पेटता कामा नये. परीक्षकांनी किल्ल्याची माहिती विचारतात तसंच हे कुणासाठी केलंस, कशाचं भ्या वाटलं म्हणून केलंस, हे पोराला विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. कन्नड शाळेतल्या पोरांना पण बोलवावं. आणि तुम्ही दरवर्षी किल्ल्यांचे फोटो छापता, त्यांच्या शेजारी दोन ओळी त्या उत्तराच्या छापा.

आमची तोफ उजव्या बुरुजावर बसणार आहे, तोंड मोबाईल चार्जिंगला लावतो त्या बोर्डाकडं.

आपली नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव