जो धीर तू दाखवलास, तो धीर

पंचवटी, नाशिक
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण द्राक्षाचा सीझन ऐन भरात आहे. पहाटे काढणी सुरू होते आणि रात्री शेवटचा माल प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेल्याशिवाय पॅकहाउसमधून पाय निघत नाही. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत बसून लिहितो.

परदेशी खरेदीदाराला लिहायच्या पत्राचा तुझा इंग्रजी मसुदा मी सुधारून पाठवला, त्यावर तू विचारलंयस, ‘एवढे “द” का खोडलेस? नियम सांग, पाठ करतो.’ नियम सांगतो, पण पाठ करू नकोस. पाठ करूनच आपलं बिघडलंय. आपल्या वेळी पाचवीला इंग्रजी सुरू झालं, तेव्हा आपण घोकलं होतं: भाववाचक नामाला, म्हणजे धीर, गुणवत्ता अशा शब्दाला, आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) लागत नाही. मग गाइडमध्ये वाचलं की पुढे ‘ऑफ’ आलं की आधी ‘द’ येतो. दोन्ही अर्धवट. आज तुझ्या बेदाण्याचं पत्र परदेशात जातं, तेव्हा ते अर्धवटपण प्रत्येक ओळीत दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला नक्की काय म्हणायचंय?

तुझंच वाक्य घे. ‘द क्वालिटी इज अवर स्ट्रेंग्थ.’ यातला ‘द’ वाचला की समोरचा मागे वळून बघतो, कुठली क्वालिटी? आधी कुठे आलीय का? तुला तर गुणवत्ता ही गोष्टच सांगायची होती, मोघम, सगळी. तिथे ‘क्वालिटी इज अवर स्ट्रेंग्थ’ एवढंच पुरे. पण दोन ओळींनंतर तू या वर्षीच्या लॉटविषयी लिहितोस, तिथे मात्र ‘द क्वालिटी ऑफ धिस लॉट’ हवं. तो तू नेमका गाळलास.

मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला हे जमत नाही, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्रजीतला ‘अ’ मुळात ‘एक’च आहे. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा जो शब्द होता, त्याचा झिजून ‘ॲन’ झाला आणि व्यंजनापुढे त्यातला ‘न’ गळून ‘अ’ उरला. ‘द’ आलाय ‘तो, ती, ते’ अशा दर्शक शब्दातून. म्हणजे सामान आपल्याही घरात आहे. आपण ते अडलं तरच काढतो, इंग्रजीला पावलोपावली लागतं, एवढाच फरक. आणि इंग्रजीच्या शेजाऱ्यांनाही हे सहज येतं असं समजू नकोस. फ्रेंचमध्ये ‘जीवन सुंदर आहे’ म्हणताना जीवनाच्या आधी आर्टिकल लावावंच लागतं. ती सवय इंग्रजीत आणली की तीही चूकच.

म्हणून मी काय करतो सांगतो. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य पूर्ण म्हणतो आणि त्यात ‘जो-तो’ बसतं का बघतो.

तुझ्या मामांच्या निफाडच्या बागेत गारपीट झाली, त्याची दुसरी सकाळ तुला आठवत असेल. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, घड मातीत पडले होते, मणी फुटून रस चिकटला होता आणि त्यावर मुंग्या आल्या होत्या. आपण चौघं बांधावर उभे होतो. कोणी काही बोललं नाही. मग तू एक क्रेट उचललास आणि त्यातल्या त्यात धड घड वेचायला लागलास.

त्या सकाळचीच तीन वाक्यं घे. ‘शेतीला धीर लागतो.’ कुठला एक धीर नाही, धीर म्हणजे धीर. इंग्रजीत ‘फार्मिंग नीड्स करेज’, आर्टिकल नाही. ‘त्या दिवशी जो धीर तू दाखवलास, तो मी विसरणार नाही.’ इथे जो-तो आला, म्हणून ‘द करेज यू शोड दॅट डे’. तो धीर तुझा, त्या दिवसाचा, आपल्या दोघांना माहीत असलेला. आणि तिसरं, ‘बागेत एक वेगळीच शांतता होती.’ शांतता मोजता येत नाही, तरी आपण मराठीतही ‘एक’ म्हणालोच ना? एक प्रकारची, आधी कधी न अनुभवलेली. इंग्रजीतही तसंच, ‘देअर वॉज अ स्ट्रेंज सायलेन्स’. ‘अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश’ याच वाटेने आलेलं आहे. ‘अ डीप अंडरस्टँडिंग’ही तसंच.

मात्र इथे एक अडसर आहे आणि तो पाठच करावा लागतो. काही शब्द ‘अ’ला दारातही उभं करत नाहीत, आधी कितीही विशेषणं लावा. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज, प्रोग्रेस, एव्हिडन्स, लगेज, फर्निचर. तुझं ‘ॲन ॲडव्हाइस’ मी खोडलं ते यासाठी. चूक कुठून येते तेही बघ. मराठीत सल्ले मोजता येतात, बातम्या मोजता येतात, पुरावे तर कोर्टात क्रमांक घालून देतात. इंग्रजी यांना पिठासारखं समजतं, ढीग असतो पण नग नसतात. एकच हवं असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणायचं किंवा नुसतं ‘सम ॲडव्हाइस’. माहिती आणि सामान मात्र आपणही मोजत नाही.

आता जे तुला आजवर सांगितलं नव्हतं ते लिहितो. काही वर्षांपूर्वी आमचा एक कंटेनर बंदरावर अडकला होता. हॉलंडच्या खरेदीदाराने विचारलं, या आठवड्याचं जहाज मिळेल का? मला म्हणायचं होतं, थोडी आशा आहे, थांबा. मी लिहिलं, ‘देअर इज लिटल होप.’ त्याचा अर्थ होतो, आशा जवळजवळ नाहीच. मला हवं होतं ते ‘अ लिटल होप’. खरेदीदाराने सरळ अर्थ घेतला आणि ती ऑर्डर दुसऱ्याला दिली. कंटेनर त्याच जहाजाने गेला, पण तिथे पोचेपर्यंत त्या मालाला घेणारा उरला नव्हता, पडेल भावात काढावा लागला. ते बिल मी अजून जपून ठेवलंय. होप मोजता येत नाही, पण आधीच्या एका अक्षराने ती असते किंवा नसते. ‘लिटल’च्या आधीचा ‘अ’ तेव्हापासून मी बोट ठेवून तपासतो.

या सगळ्याचा सर्वांत सुंदर नमुना मला कुठे सापडला माहीत आहे? मुलीच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत, संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत. मागच्या महिन्यात तिचा अभ्यास घेताना सहज वाचत होतो आणि तिथेच थांबलो. जस्टिस, लिबर्टी, इक्वॉलिटी, फ्रॅटर्निटी. चार मोठे शब्द, चारही भाववाचक, एकालाही आर्टिकल नाही. ‘लिबर्टी ऑफ थॉट’मध्ये ‘ऑफ’ आहे, तरी ‘द’ नाही. आपल्या गाइडचा नियम तिथेच गळून पडतो. आणि लगेच खाली ‘द डिग्निटी ऑफ द इंडिव्हिज्युअल’, ‘द युनिटी अँड इंटेग्रिटी ऑफ द नेशन’. इथे ‘द’ आहे.

असं का, यावर मी बरेच दिवस विचार केला. मला असं वाटतं, स्वातंत्र्य, समता यांचं वचन दिलंय ते पूर्ण, मोघम म्हणजे कशालाही न बांधलेलं. त्यांच्या आधी बोट दाखवणारा शब्द आला तर ते आक्रसतील. प्रतिष्ठेचं तसं नाही. ती कोणी नव्याने देत नाही, प्रत्येक माणसाची जी आहे, ती. जो-तो बसला बघ. कदाचित व्याकरणाचे पंडित दुसरं कारण देतील, पण मला हे वाचताना अंगावर काटा आला हे खरं.

रोज संध्याकाळी मी काळाराम मंदिरावरून घरी येतो. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या दरवाजासमोरून जाताना हल्ली मला ‘द डिग्निटी’ हे दोन शब्द हमखास आठवतात. त्या दरवाजाशी माणसं ज्या प्रतिष्ठेसाठी बसली होती, ती.

तर आता तुझं पत्र. ‘वी नीड द ट्रस्ट’ हे ‘वी वर्क ऑन ट्रस्ट’ कर. शेवटी ‘थँक यू फॉर द ट्रस्ट यू हॅव शोन इन अस’ असं लिही. तिथला ‘द’ अजिबात काढू नकोस, तो त्या माणसाने तुझ्यावर ठेवलेल्या विश्वासाकडे बोट दाखवतो. ‘अ लाँग एक्सपिरियन्स’मधला ‘अ’ काढ. वर्षांचा साठलेला अनुभव असेल तर एक्सपिरियन्स पिठासारखा, एखादा प्रसंग असेल तरच ‘ॲन एक्सपिरियन्स’. दुसरा मसुदा झाला की पाठव, रात्री अकरानंतर बघतो.

आईच्या गुडघ्याचं आता बरं आहे, काठीशिवाय गोदाघाटापर्यंत जाते. तुझी आठवण काढत असते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मार्च संपला की दोन दिवस काढून ये, मामांच्या बागेत जाऊन येऊ. या वर्षी माल चांगला आहे.

तुझाच,
मित्र